दोन र

कुठल्याही संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून झाली की काका सर्वांत आधी एकच नाव टाइप करत: म्हाताऱ्याचा पाडा. मग खुर्ची मागे सरकवत, चष्मा कपाळावर ढकलत आणि हातभर अंतरावरून पडद्याकडे बघत राहत. ‘ऱ्या’मधली ती छोटी वळणदार रेघ ‘या’ला बाजूने नीट चिकटली असेल तर सिस्टीम पास. रेघ रफार होऊन डोक्यावर चढली, किंवा र पाय मोडून सुटा पडला, तर पेनड्राइव्ह काढून घेत.

“जिला आमच्या गावाचं नाव लिवता येत नाय ती कितीबी पळू दे,” ते म्हणत. “आपल्या काय कामाची?”

वेग, मेमरी, सुरक्षा यांची पाळी त्यानंतर यायची.

शहापूरच्या एका साप्ताहिकात मी त्यांच्याबरोबर नऊ वर्षं काम केलं. कचेरी बाजारपेठेत, खताच्या दुकानावरच्या माडीवर होती. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या बातम्या आम्ही छापत असू. मी उपसंपादक होते. वार्ताहरांच्या बातम्या सुधारणं आणि पानं लावणं हे माझं काम. ते संगणक सांभाळत. त्यांच्या पदाचं नाव विचारलं तर कोणाला सांगता आलं नसतं. नेमणुकीच्या कागदावर ‘ऑपरेटर’ असं लिहिलेलं होतं. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, आसनगावला स्टेशनजवळ एका खोलीत राहणं. कचेरीत सगळे त्यांना काका म्हणत. मला ते ‘बाय’ म्हणत.

त्यांच्या स्कूटरच्या पुढच्या बाजूला लिनक्स या मोफत सिस्टीमचा पेंग्विन चिकटवलेला होता. बाजारात त्याला सगळे बदक समजत. कोपऱ्यावरचा कोंबडीवाला रोज हाक मारायचा, “काका, बदकाची अंडी कदी आणताय?”

ते स्कूटर थांबवून उत्तर देत. “आणतो की. फुकट देतो. पण तू घेशील का? फुकट म्हटल्यावर तुला वास येतो.”

हे त्यांचं जुनं दुखणं होतं. तालुक्यात बहुतेक ठिकाणी विकत घ्यायची सिस्टीम चोरून वापरली जायची, आणि जी मुळातच मोकळी, कोणीही घ्यावी, उघडून बघावी अशी होती, ती बसवून देतो म्हटलं की लोक संशयाने बघत. “चोरलेलं चालतं, दिलेलं चालत नाय,” असं ते म्हणत, तेव्हा त्यात विनोद नसे.

आमच्या कचेरीतही चोरलेलीच होती. एका वार्ताहराच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि अंकाची आठ पानं गेली, तेव्हा संपादकांनी काकांना बोलावलं. संपादक हेच मालक. त्यांना भाऊ म्हणत.

“आठवड्याभरात काय ते नवं टाका,” भाऊ म्हणाले.

काकांनी चार महिने घेतले. एक जुना, पडून असलेला संगणक त्यांनी चाचणीसाठी बाजूला काढला आणि त्याला ‘बोकड’ असं नाव दिलं. आईचा जुना पितळी पानाचा डबा ते घरून घेऊन आले. काताच्या खणात डेबियनचा पेनड्राइव्ह, सुपारीच्या खणात उबंटूचा, लवंगेच्या खणात फेडोरा, चुन्याच्या डबीच्या जागी बीएसडी. या सगळ्या मोकळ्या सिस्टीम. एकेक बोकडावर चढायची, तीन आठवडे चालायची आणि उतरायची. त्या काळात ते जेवताना कोणाशी बोलत नसत. मध्येच डबा बाजूला ठेवून वहीत काही लिहीत.

चार महिन्यांनी भाऊंचा धीर सुटला. “अहो, यातली चांगली कुठली ते एका वाक्यात सांगून टाका ना.”

“भाऊ, मशीन बंद पडली तर रडणार कोण, ते आधी सांगा.”

“म्हणजे?”

“या बायची मशीन बंद पडली तर ही एकटी रडंल. तिला उबंटू दिली तरी चालंल. पण जिन्याखालची बंद पडली तर दोन तालुके रडतील. तिथं डेबियन.”

जिन्याखाली सर्व्हर ठेवायचा होता. त्यावर आमचे सगळे जुने अंक जाणार होते.

“डेबियन म्हणजे भाताच्या खाचराचा बांध,” ते म्हणाले. “एकदा नीट घातला की रोज जाऊन बघायला लागत नाय. नवं काय येत नाय त्यात लवकर, पण फुटत बी नाय. उबंटू म्हणजे दारातला मांडव. शोभा हाय, पाव्हण्यांना बरा. दर दोन वर्षांनी नवा घालायचा.”

“आणि ती फेडोरा?”

“ती मुंबईचा पाव्हणा. कपडे चांगले. पण सहा महिन्याला येऊन सांगणार, आता असं नाय, आता तसं.”

“तुमच्या वहीत तर बीएसडीला सगळ्यांत जास्त मार्क आहेत.”

त्यांनी पानाच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, “चांगलीच हाय ती. पण शहापुरात तिच्याशी बोलणारा मी एकटा. मी मेलो तर ती मुकी.”

असा निर्णय झाला. जिन्याखाली डेबियन, टायपिंगच्या तीन संगणकांवर उबंटू. भाऊंना सवयीचं ‘स्टार्ट’ बटण डाव्या कोपऱ्यात खालीच हवं होतं, म्हणून त्यांच्या एकट्याच्या टेबलावर मिंट नावाची सिस्टीम. जिन्याखालच्या पेटीवर काकांनी पुठ्ठा लावला: हात लावू नये. झाडूसुद्धा.

मी पाहिलेल्या माणसांत निवड करण्यावर एवढा विश्वास असलेला दुसरा कोणी नाही. त्यांचं म्हणणं होतं की माणसाचं नुकसान वाईट वस्तूमुळे होत नाही, न विचारता घेतलेल्या वस्तूमुळे होतं. चप्पल घ्यायला ते तीन दुकानं फिरत आणि पुन्हा पहिल्या दुकानात येत. भाताचं बियाणं निवडताना त्यांची वहिनी त्यांना फोन करायची आणि ते गंभीरपणे दोन दिवसांनी उत्तर द्यायचे. ही वहिनी, मोठ्या भावाची विधवा, पाड्यावर राहायची. त्यांना तेवढंच माणूस होतं.

पाडा मुरबाड तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. किन्हवलीवरून जायचं, एसटी सोडायची आणि दीड तास चालायचं. मी एकदाच गेले आहे, तेही फार नंतर.

आमच्या जुन्या अंकांची गोष्ट थोडी समजावून सांगायला हवी. सोळा वर्षांचे अंक एका जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेले होते. तो फॉन्ट नसेल तर मराठी बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायचा. हे सगळं आजच्या लिपीत आणण्यासाठी त्यांनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात वर्ष गेलं. काम संपलं तेव्हा सोळा वर्षांतला कुठलाही शब्द टाइप केला तर तो कोणत्या अंकात, कोणत्या पानावर आहे ते क्षणात समोर यायचं. वार्ताहर गंमत म्हणून स्वतःची नावं शोधत बसत.

तोपर्यंत माळ्यावरच्या छापील गठ्ठ्यांना वाळवी लागली होती. भाऊंनी विचारलं, काय करायचं. ते म्हणाले, “टाकून द्या. सगळं मशीनीत आलंय.” गठ्ठे खाली नेण्यात मीही हात लावला होता.

वर्षातून चार दिवस ते मुरबाडकडच्या म्हशाच्या जत्रेला जात. बैल घ्यायचा नसायचा, पण बैलबाजारात उभं राहून ते दिवसभर इतरांची निवड बघत. येताना एक घोंगडी आणत, ती वहिनीसाठी. या चार दिवसांत फोन बंद. “सर्व्हरला सुट्टी नाय,” ते सांगून जात, “मला हाय.”

त्या वर्षी ते जत्रेला गेले आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, वहिनी कचेरीत आली. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. साठीची असावी. पायांवर धूळ होती. जिना चढून आल्यावर ती दारातच थांबली.

“आमचे भावजी नायत काय इथं?”

“काका म्हशाला गेलेत. मंगळवारी येतील.”

“तेच म्हटलं. फोन लागत नाय.” ती आत येऊन बाकावर बसली. “बाय, आमच्या पाड्याचं नाव कदी छापलं व्हतं ना तुमच्या पेपरात? भावजी बोलले व्हते, छापलंय, मशीनीत हाय.”

मग तिने काम सांगितलं. पाड्याच्या खालच्या अंगाला तलाव व्हायचा होता आणि घरं पाण्याखाली जाणार होती. सोमवारी तहसील कचेरीत सुनावणी होती. पाडा जुना ठरला तर सगळ्या घरांना एकत्र, दुसऱ्या जागी वसवणार होते. नवा ठरला, म्हणजे जागा मिळेल म्हणून लोकांनी मागाहून झोपड्या उभ्या केल्या असं ठरलं, तर ज्याने त्याने आपलं बघायचं. वीज नव्हती, म्हणून विजेचं बिल नव्हतं. नोंदी वरच्या गावाच्या नावावर होत्या. पाडा पूर्वीपासून आहे असं सांगणारा कागद कोणाकडेच नव्हता.

“काय बी चालंल, बोल्ले. जुना कागद पायजे. त्यावर पाड्याचं नाव पायजे.”

मी शोधाच्या चौकटीत ‘म्हाताऱ्याचा पाडा’ टाइप केलं. पडद्यावर आलं: शून्य निकाल. दोन्ही शब्द जोडून टाइप केले. शून्य. ‘म्हाताऱ्याच्या पाड्यावर’ टाइप केलं. शून्य. हे सगळं करायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

त्या दिवशी माझी दोन पानं छपाईला जायची होती. हे कारण म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगते. ‘म्हाता’ एवढंच टाइप केलं असतं तरी सापडलं असतं. मी ते केलं नाही. अंक एकेक उघडून बघितले नाहीत. पडद्यावर शून्य स्पष्ट होतं.

“नाही हो मावशी. आमच्याकडे नाव नाही.”

“नीट बघलंस ना गो?”

“तीन वेळा बघितलं.”

ती उठली. “मशीन नाय बोल्ली, तिथं तू काय करणार,” असं म्हणाली आणि पदर सावरत जिना उतरली. तिला किन्हवलीची एसटी पकडायची होती.

मंगळवारी सकाळी ते घोंगडी खांद्यावर टाकून आले. मी घडलेलं सांगितलं. ते ऐकून हसले.

“नाय कसं? मीच टाइप केलंय ते. माझ्या हातानं. भाऊंच्या मागं लागून छापून घेतलंय.”

त्यांनी खुर्ची ओढली आणि नाव टाइप केलं. शून्य निकाल. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि हातभर अंतरावरून आपणच टाइप केलेलं नाव पाहिलं. नाव अगदी बरोबर होतं. रेघ जिथे हवी तिथे होती.

मग ते जुने अंक एकेक करून उघडू लागले. मी माझ्या टेबलावर गेले. साधारण तासाभराने त्यांनी मला हाक मारली. बातमी समोर होती. पान तीन, खालचा कोपरा, चार ओळी. पाड्याचं नाव ठसठशीत दिसत होतं.

“हे बघ. आन् हे बघ.” त्यांनी बातमीतलं नाव आणि आत्ता टाइप केलेलं नाव एकाखाली एक लावलं. काहीही फरक नव्हता. मग त्यांनी दोन्ही नावांची अक्षरं सुटी करून दाखवली, मशीनला आतून जशी दिसतात तशी. बातमीतल्या नावात साधा र होता, त्याचा पाय मोडलेला होता, आणि त्यापुढे एक न दिसणारा सांधा होता. नव्या नावात तो र नव्हताच. ‘ऱ्या’साठी वेगळा ठेवलेला, खाली टिंब असलेला दुसरा र होता. त्यांच्या प्रोग्रॅमने जुने सगळे अंक पहिल्या र ने लिहिले होते. त्यांनी निवडलेल्या सिस्टीमचा कीबोर्ड दुसरा र देत होता. डोळ्याला दोन्ही एकच. इथे छापूनही फरक दाखवता येणार नाही. मशीनला मात्र ती दोन वेगळी गावं होती.

“दिसतंय तर सारखंच गो,” ते म्हणाले.

बराच वेळ ते त्या दोन ओळींकडे बघत होते. प्रत्येक सिस्टीमवर त्यांनी हेच नाव टाइप करून पाहिलं होतं. कधी शोधून पाहिलं नव्हतं.

मी म्हणाले, “चूक माझी आहे. मी अंक उघडून बघायला हवे होते.”

“तू कशाला बघशील? मीच सांगितलेलं ना सगळ्यांना, मशीनीत हाय म्हणून.” मग ते म्हणाले, “बंद असती तर बरं झालं असतं.”

“काय?”

“मशीन. बंद पडली असती तर तू सांगितलं असतंस, मावशी, मशीन बंद हाय, मंगळवारी या. तिनं सोमवारी तसं सांगून मुदत मागितली असती. चालू व्हती म्हणून नाय म्हटलीस.”

बातमीची प्रत काढून घेऊन ते त्याच दिवशी तहसील कचेरीत गेले. कागद स्वीकारला गेला आणि त्यावर मुदतीनंतर आल्याचा शिक्का बसला. सोमवारी काय झालं ते तिथेच कळलं. पाड्याबद्दल पेपरात छापून आलंय का, असं विचारल्यावर वहिनीने खरं तेच सांगितलं होतं. पेपरवाल्यांनी तीन वेळा बघितलं, नाय बोल्ले. नोंदीत त्याचं एक वाक्य झालं होतं: स्थानिक साप्ताहिकात उल्लेख आढळला नाही. ते वाक्य माझं होतं.

त्या चार ओळींनी निकाल बदलला असता असं कोणी सांगू शकत नाही. बदलला नसता असंही सांगू शकत नाही.

पाडा एकत्र वसला नाही. दोन घरं आटगावला नातेवाइकांकडे गेली, काही कल्याणच्या बाजूला, एक कुटुंब कुठे गेलं ते कळलं नाही. वहिनी आसनगावला त्यांच्या खोलीवर राहायला आली. तलावाच्या बातम्या आम्ही छापल्या. त्यांत पाड्याचं नाव आलं नाही.

त्यानंतर दोन महिने ते सोळा वर्षांचे अंक दुरुस्त करत होते. म्हातारा, दरी, वारा, चारा, नवरी, बिऱ्हाड. ज्या ज्या शब्दाच्या रूपात तो जोड येत होता तो प्रत्येक शब्द. शोध आता दोन्ही र ओळखू लागला. ‘शून्य निकाल’ हे शब्द त्यांनी काढून टाकले. काही सापडलं नाही तर पडद्यावर येऊ लागलं: सापडलं नाही. नसेलच असं नाही. भाऊंना ते आवडलं नाही, पण त्यांनी बदलायला सांगितलं नाही.

एकदा किन्हवलीकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक आले. शाळेला दहा संगणक मिळाले होते. सिस्टीम कुठली टाकावी हे विचारायला ते मुद्दाम आले होते, वही-पेन घेऊन.

“कुठलीबी टाका,” काका म्हणाले.

“अहो, असं कसं? तुमच्याकडे एवढ्या लांबून आलोय.”

“सगळ्या चांगल्या हायत.”

“तुम्ही ते गावाचं नाव टाइप करून बघता म्हणे.”

“दिसतं नाव. सगळ्यांत दिसतं.”

मुख्याध्यापकांनी वही मिटली. मीच त्यांना उबंटू सांगितली, आणि का ते सांगताना माझ्या तोंडून दारातला मांडव आला. काका मागे बसून होते. त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या वर्षी ते म्हशाला गेले नाहीत. स्कूटरवरचा पेंग्विन उन्हाने पांढरा पडला, तो त्यांनी बदलला नाही. कोंबडीवाल्याने अंड्यांबद्दल विचारलं तर नुसता हात हलवत. काम चोख होतं. बोलणं कामापुरतं राहिलं. खोलीवर वहिनी आणि ते या गोष्टीबद्दल कधी बोलले का, हे मी विचारलं नाही. वहिनीने मला एकदा मुगाची खिचडी पाठवली होती.

ते मागच्या वर्षी गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि रिक्षा येईपर्यंत संपलं. तिसऱ्या दिवशी वहिनी पितळी डबा घेऊन कचेरीत आली. काताच्या खणात घडी घातलेला कागद होता. त्यावर सर्व्हरचा पासवर्ड आणि खाली एक ओळ: बांध चांगला आहे. नाव बघून विश्वास ठेवू नये.

निधनाची बातमी मी लिहिली. वहिनी बाकावर बसून माहिती सांगत होती. मूळ गाव काय लिहू, असं विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं. तिने पाड्याचं नाव सांगितलं. मी ते टाइप केलं.

जिन्याखालची मशीन त्यानंतर एकदाही बंद पडलेली नाही. तिच्यावर झाडू मारायला आता कोणी घाबरत नाही.

अंक निघाल्यावर मी शोधाच्या चौकटीत पाड्याचं नाव टाइप केलं. दोन निकाल आले. पहिला त्यांच्या निधनाचा. दुसरा जुना, पान तीन, खालचा कोपरा, त्यांनी स्वतः टाइप केलेला:

मुरबाड, वार्ताहराकडून: तालुक्यातील म्हाताऱ्याचा पाडा येथे अकरा घरे असून रस्ता व वीज अद्याप पोहोचलेली नाही. ही कुटुंबे येथे तीन पिढ्यांपासून राहत आहेत. पाड्याचे नाव कोणत्याही यादीत सापडत नाही, अशी ग्रामस्थांची तक्रार आहे.